दोनशे मिलिसेकंदांचा मानपान

एकच प्रोग्रॅम लिनक्सवर पळतो आणि विंडोजवर रांगतो असं आढळलं की ऑफिसातली तांत्रिक चर्चा संपते आणि धर्मचर्चा सुरू होते. लिनक्सवाले ‘सांगितलं होतं ना’ असा चेहरा करतात. विंडोजवाले अँटिव्हायरसकडे बोट दाखवतात. मॅकवाल्याला कोणी काही विचारलेलं नसतं, पण आपल्याकडे असलं काही होत नाही एवढं तो जाता जाता सांगून जातो. मग नेटवर्क टीमला तिकीट जातं. नेटवर्क टीम पिंग करून बघते, पिंग अर्ध्या मिलिसेकंदात परत येतो, आणि त्याच चपळाईने तिकीटही ‘आमच्या बाजूने सर्व ठीक’ असा शेरा घेऊन परत येतं. यानंतर सर्व्हर रिस्टार्ट होतो, फायरवॉल पाच मिनिटांसाठी बंद केला जातो, केबल बदलली जाते, आणि शेवटी दुप्पट स्पीडची लाइन घ्यायचा प्रस्ताव मॅनेजरच्या टेबलावर पडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. या सगळ्या धावपळीत हळू म्हणजे नेमकं किती मिलिसेकंद, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ‘खूप स्लो आहे’ हे उत्तर सगळ्यांना पुरतं. माझं म्हणणं असं की दहातल्या आठ वेळा रोगाचं नाव त्या आकड्यातच लिहिलेलं असतं, आणि ते वाचलं तर विंडोज-लिनक्सचा निम्मा वाद जागच्या जागी मिटतो.

याचं कारण साधं आहे. काम करायला लागणारा वेळ वेडावाकडा असतो. कधी ३१ मिलिसेकंद, कधी ४४, मशीनवर भार वाढला की ५८. वाट बघण्यात जाणारा वेळ मात्र आधीच कोणीतरी बसून ठरवलेला असतो, आणि माणूस ठरवायला बसला की त्याला गोल आकडे सुचतात. दर वेळी बरोबर ४० मिलिसेकंद जात असतील तर लिनक्स पॅकेट मिळाल्याची पोच द्यायला थांबलाय. २०० असतील तर विंडोज किंवा जुन्या बीएसडीच्या घराण्यातलं कोणीतरी. १ सेकंद म्हणजे जोडणीचं पहिलं पॅकेट हरवलं आणि ते पुन्हा पाठवलं गेलं. पूर्वी हा आकडा ३ सेकंदांचा होता, २०११ साली तो १ वर आणला. बरोबर ५ सेकंद गेले तर नावाचा पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाहीये आणि तुमचं मशीन दुसऱ्याला विचारायच्या आधी सभ्यपणे थांबलंय. २१ सेकंदांनी ‘कनेक्ट होत नाही’ असं आलं तर ते जुन्या विंडोजचे तीन प्रयत्न, ३ अधिक ६ अधिक १२. लिनक्स तेच सांगायला बरीच वर्षं १२७ सेकंद घेत असे. १५.६ हा आकडा तेवढा गोल वाटत नाही, पण तो सेकंदाचा चौसष्टावा भाग आहे. विंडोजचं घड्याळ मूळ सेटिंगला एवढ्या अंतराने टिकटिकतं, त्यामुळे ‘१ मिलिसेकंद झोप’ असं सांगितलेला प्रोग्रॅम तिथे पंधरा मिलिसेकंद घोरतो. सीपीयू २ टक्के, डिस्क शांत, लाइन रिकामी आणि काम अडलेलं, असं चित्र दिसलं की सगळे जण कोणाची तरी वाट बघतायत असं खुशाल समजावं. (ही अवस्था फक्त संगणकात असते असं माझं म्हणणं नाही.)

आता ही वाट बघायची सवय कुठून आली ते पाहू, कारण ती आळसातून आलेली नाही. दोन भल्या हेतूंनी ती लागली. १९८४च्या जानेवारीत फोर्ड एअरोस्पेस कंपनीतल्या जॉन नेगल यांनी आरएफसी ८९६ नावाचं टिपण लिहिलं. त्या काळी लोक टेलनेटवरून दूरच्या मशीनवर टाइप करत, आणि एक अक्षर दाबलं की ते एकटं अक्षर ४० बाइटचा हेडर अंगावर चढवून निघे. एका बाइटच्या मालावर चार हजार टक्के वाहतूक खर्च, आणि तोही आजच्या मानाने अगदी अरुंद लाइनींवर. यावरचा जुना तोडगा म्हणजे टायमर लावून थोडं थांबायचं, २०० ते ५०० मिलिसेकंद, तोवर आणखी एखाद-दुसरं अक्षर येईल. नेगल यांनी टायमर काढून टाकला. आधी पाठवलेल्या मालाची पोच आली नसेल तर पुढचा चिल्लर माल जमा करत राहा, पोच आली की एकदम पाठवा, आणि पूर्ण पॅकेट भरेल एवढा माल असेल तर कोणासाठी थांबू नका. लाइन वेगवान असेल तर पोच लवकर येते आणि थांबणंही आपोआप कमी होतं. हा नियम इतका सुटसुटीत होता की सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांनी तो उचलला, आणि सॉकेट उघडला की आजही तो मूळ सेटिंगमध्ये चालूच असतो.

दुसरा भला हेतू साधारण त्याच सुमाराचा. प्रत्येक पॅकेट मिळाल्याची पोच, म्हणजे ॲक, लगेच वेगळी पाठवायची तर तीही ४० बाइटचं रिकामं पाकीट. मग थोडं थांबलं तर काय बिघडलं? एवढ्यात प्रोग्रॅमचं उत्तर तयार होईल, त्याच पाकिटात पोचही जाईल. १९८९च्या आरएफसी ११२२ने या थांबण्याला मान्यता दिली आणि दोन मर्यादा घातल्या. पोच अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त अडवायची नाही, आणि पूर्ण भरलेली दोन पॅकेटं आली की एक पोच द्यायचीच. नेगल यांनी मोठ्या दारातून बाहेर काढलेला टायमर हा असा मागच्या दाराने परत आला. एकेकटे पाहिले तर दोन्ही नियम शहाणे आहेत. दोघे एका घरात आले की मात्र लग्नघरातल्या दोन व्याह्यांसारखी गत होते. मुलीकडचे म्हणतात पाहुण्यांनी सुरुवात केल्याशिवाय आम्ही पान वाढून घेणार नाही, मुलाकडचे म्हणतात यजमान बसल्याशिवाय आम्ही घास उचलणार नाही, आणि आमटी गार होते. कोणाच्याही मनात वाईट नाही. दोघांनीही नियम पाळलाय.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका मागणीपुरतं बघा. प्रोग्रॅमर आधी २० बाइटचा हेडर सॉकेटमध्ये लिहितो, मग १०० बाइटचा मजकूर लिहितो, मग उत्तराची वाट बघतो. हेडर लगेच निघतो, कारण आधीचं काही थकलेलं नाही. मजकूर नेगल अडवतो, कारण हेडरची पोच आलेली नाही. पलीकडे सर्व्हरला अर्धीच मागणी मिळालेली असते, तो बिचारा उत्तर काय देणार? आणि उत्तर नाही म्हणून पलीकडचा कर्नल पोच हातात धरून बसतो, की उत्तर आलं की त्याबरोबर देऊ. शेवटी टायमर संपतो, नुसती पोच निघते, मजकूर सुटतो आणि उत्तर येतं. प्रत्यक्ष काम अर्ध्या मिलिसेकंदाचं, बाकी मानपान. विंडोजचा टायमर पूर्वापार २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच मागण्या. लिनक्सचा कमीत कमी ४०, म्हणजे पंचवीस. यावरून कोणीतरी सुबक आलेख काढतो आणि लिनक्स पाचपट वेगवान असल्याचं जाहीर करतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे तोच प्रोग्रॅम तीच चूक करत असतो, फरक एवढाच की लिनक्स त्या चुकीला दंड कमी लावतो. अलीकडच्या विंडोजमध्ये हा टायमर कमी केलाय, त्यामुळे मशीन अपग्रेड केल्यावर प्रोग्रॅम सुधारल्याचा भास होतो आणि अपग्रेडचं बिल मंजूर करणाऱ्याला धन्य वाटतं. त्यात लिनक्सची आणखी एक खोड. जोडणीच्या सुरुवातीला तो पोच तत्परतेने देतो आणि मग हळूहळू निवांत होतो. म्हणजे डेव्हलपरच्या छोट्या चाचणीत सगळं झकास, आणि ग्राहकाकडे अर्ध्या तासाने तक्रार.

हा वाद माणसांच्या आवडीनिवडीचा नसून निव्वळ बेरीज-वजाबाकीचा आहे, याचा सर्वांत देखणा पुरावा २००५ साली ॲपलमधल्या स्टुअर्ट चेशायर यांनी लिहून ठेवलाय. वायफायचा वेग तपासणारा एक प्रोग्रॅम होता. तो एका दमात १,००,००० बाइट पाठवायचा, पलीकडून पोहोचल्याचं उत्तर आलं की पुढचे एक लाख. विंडोजवर निकाल चांगला येई, मॅकवर कमी. हार्डवेअर, हवा, अँटेना, सगळ्यांवर संशय घेऊन झाला असणार. गोम निघाली १२ बाइटांत. विंडोजच्या पॅकेटमध्ये १,४६० बाइट माल बसे. मॅक प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का मारायचा, त्याला १२ बाइट लागत, म्हणून तिथे १,४४८ बसे. आता वही घ्या. विंडोजवर एक लाख म्हणजे ६८ भरलेली पॅकेटं आणि ७२० बाइट शिल्लक. ६८ ही सम संख्या, दर दोन पॅकेटांना एक पोच या हिशेबाने सगळ्यांची पोच आली, हिशेब चुकता, ७२० बाइट सुखाने निघाले. मॅकवर ६९ भरलेली पॅकेटं आणि ८८ बाइट शिल्लक. ६९वं पॅकेट एकटं पडलं. त्याला जोडीदार नाही म्हणून पलीकडचा पोच देईना, पोच नाही म्हणून नेगल ते ८८ बाइट सोडेना. एक लाख बाइटांपैकी ९९,९१२ पोहोचलेत आणि उरलेल्या ८८ साठी सगळा कारभार थांबलाय. मॅक ऑपरेटिंग सिस्टिम वाईट म्हणून हे झालं नाही, विंडोज चांगली म्हणूनही नाही. चाचणी लिहिणाऱ्याला एक लाख हा आकडा आवडला आणि त्याला १,४४८ने भागल्यावर विषम भागाकार आला, बस. थोडे कमी बाइट पाठवले असते तर याच चाचणीने मॅकला पैकीच्या पैकी गुण दिले असते. तुलनेचे आलेख बघताना हा विषम भागाकार डोक्यात ठेवावा असं मला वाटतं. पुष्कळ आलेखांची हवा जाते.

दुसरं एक प्रकरण याहून सोपं आणि म्हणूनच जास्त पसरलेलं. प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच मशीनवर, मध्ये तारसुद्धा नाही, आणि तरी विंडोजवर प्रत्येक नवी जोडणी एक-दोन सेकंद खाते. इथे विंडोजला शिव्या पडतात त्या अगदीच अस्थानी नाहीत, पण अर्ध्याच रास्त आहेत. ‘लोकलहोस्ट’ असं नाव दिलं की आधी त्याचा आयपीव्ही-६ पत्ता वापरून बघितला जातो. डेटाबेस मात्र जुन्या १२७.०.०.१ वरच कान लावून बसलेला. आयपीव्ही-६च्या दारावर टकटक केल्यावर आतून स्पष्ट नकार येतो. लिनक्स तो नकार ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या पत्त्यावर जातो. विंडोज नकार मिळाल्यावरही थोडं थांबून पुन्हा विचारतो, मग परत एकदा. विमा एजंटाला हेवा वाटावा असा हा स्वभाव. उपाय म्हणजे नावाच्या जागी सरळ आकडा लिहायचा किंवा डेटाबेसला दोन्ही पत्त्यांवर ऐकायला सांगायचं. एका ओळीचं काम. पण ही ओळ सापडेपर्यंत ‘विंडोजचं नेटवर्किंग मुळातच गंडलेलं’ हा निष्कर्ष तीन मीटिंगांच्या मिनिट्समध्ये नोंदला गेलेला असतो.

आता कोणी म्हणेल, दर वेळी प्रोग्रॅमरच दोषी आणि ऑपरेटिंग सिस्टिम धुतल्या तांदळासारखी, हे काही पटत नाही. पटू नये. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की गाणं लावलं की फाइल कॉपी करण्याचा वेग कोसळतो. असं कोणी हेल्पडेस्कला सांगितलं असतं तर त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं असतं, पण ते शब्दशः खरं होतं. पॅकेटांच्या गर्दीत गाणं अडखळू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने गाणं चालू असताना नेटवर्कला लगाम घातला होता. लगाम कितीचा? मिलिसेकंदाला १० पॅकेटं. मायक्रोसॉफ्टमधल्याच मार्क रुसिनोविच यांनी त्याच वर्षी याचा जाहीर खुलासा केला. मशीनमध्ये एकापेक्षा जास्त नेटवर्क कार्डं असली की एका बगमुळे लगाम आणखी आवळला जाई, हेही त्यात आलं. तेव्हा दोष ऑपरेटिंग सिस्टिमचाच, निर्विवाद. पण मूळ आकडा बघा, सेकंदाला दहा हजार. इथेही कोणीतरी बसून ठरवलेली गोल मर्यादाच निघाली, आणि जो मोजायला बसला त्यालाच ती दिसली. आक्षेपाने माझं म्हणणं पडत नाही, उलट त्याला टेकू मिळतो.

लांबच्या अंतराचं दुखणं मात्र थोडं वेगळं आहे, आणि ‘जास्त स्पीडची लाइन घ्या’ या प्रस्तावाचा निकाल तिथेच लागतो. टीसीपीमध्ये, म्हणजे या पॅकेट-पोचेच्या नियमावलीत, घेणारा ‘माझ्याकडे एवढी जागा आहे, एवढंच पाठव’ असं कळवतो. तो आकडा लिहायचा खाना १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद धरले तर एका फेरीत ६४ केबी, सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे साधारण अडीच मेगाबिट. लाइन शंभरची घ्या नाहीतर हजारची, अडीचच. १९९२ साली हा आकडा पटीत वाढवायची सोय झाली, पण विंडोज एक्सपीत ती मूळ सेटिंगमध्ये बंद होती. व्हिस्टापासून विंडोज हा आकडा स्वतःच जुळवून घेऊ लागली, लिनक्स ते आधीपासून करत होता. म्हणजे एके काळी याबाबतीत लिनक्सवाल्यांचा ‘सांगितलं होतं ना’ चेहरा योग्य होता, हे मान्य करून टाकू. पण त्यांच्यातही एक हुशार माणूस असतोच. तो कुठल्यातरी जुन्या सल्ल्यावरून प्रोग्रॅममध्ये बफरचा आकडा स्वतःच्या हाताने ‘वाढवून’ ठेवतो. लिनक्स म्हणतो, साहेबांना जास्त कळतं, आणि आपोआप वाढवायचं बंद करतो. जो बफर गरजेनुसार ६ एमबीपर्यंत गेला असता तो काही शे केबींवर खिळून बसतो. वेग वाढवायला लिहिलेली ही ओळ पुढे काढायचं कोणाला धाडस होत नाही, कारण शेजारी ‘परफॉर्मन्ससाठी, हात लावू नये’ अशी टीप असते.

सगळ्यात जोरकस आक्षेप तरुण डेव्हलपरांचा. एवढी कथा कशाला, टीसीपी-नोडिले लावा की, नेगल बंद, विषय संपला. गो भाषेत तर तो पहिल्यापासून लावलेलाच येतो. यात तथ्य आहे, आणि प्रोग्रॅम आपला माल नीट बांधून पाठवत असेल तर तो खुशाल लावावा. पण हेडरचे चार तुकडे आणि मजकुराचे सहा असे दहा वेळा लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला नोडिले लावला तर ते दहा तुकडे दहा स्वतंत्र पॅकेटं होऊन निघतात, प्रत्येकाला ४० बाइटचा हेडर, आणि फोर्ड एअरोस्पेसचं १९८४ साल नव्या पगारात परत येतं. २०० मिलिसेकंद गेले म्हणून सगळे खूश होतात, आणि सीपीयू का तापतोय याचं नवं तिकीट पुढच्या महिन्यात उघडलं जातं. खरा उपाय कंटाळवाणा आहे. हेडर आणि मजकूर मेमरीत एकत्र करायचे आणि सॉकेटमध्ये एकदाच लिहायचे. असं केलं की नेगल चालू असो वा बंद, विंडोज असो वा लिनक्स, अडवायला काही उरतच नाही. गंमत म्हणजे खुद्द नेगल यांचं मतही पुढे असंच पडलं की खरा त्रास त्यांच्या नियमाचा नाही, उशिरा पोच देणाऱ्या त्या ठरावीक टायमरचा आहे. हे ध्यानात येईपर्यंत ते नेटवर्किंग सोडून दुसऱ्या क्षेत्रात गेले होते, आणि बदनामी मात्र त्यांच्याच नावावर राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मोजायला वेळ कुठे आहे, ही तक्रार मी फार मनावर घेत नाही. पॅकेटं पकडून दाखवणारा वायरशार्क फुकट आहे, टीसीपीडंप लिनक्सवर आणि मॅकवर हाताशी असतो, आणि दोन पॅकेटांमधल्या वेळेचा रकाना वाचायला नेटवर्किंगची पदवी लागत नाही. तीन मीटिंगा, एक रिस्टार्ट आणि एक केबल यांपेक्षा तो रकाना नक्कीच स्वस्त पडतो. ‘स्पीड टेस्ट तर शंभर दाखवतेय’ हाही पुरावा नव्हे. ती टेस्ट सहसा अनेक जोडण्या एकदम उघडून लाइन किती रुंद आहे हे मोजते. तुमचा प्रोग्रॅम एका जोडणीवर एक वाक्य बोलून गप्प बसतो, त्याचं दुखणं रुंदीचं नाहीच. तेव्हा यापुढे कोणी ‘विंडोजवर नेटवर्क स्लो आहे’ म्हणत आलं तर त्याला बसवा, पाणी द्या आणि किती मिलिसेकंद ते विचारा. ‘खूप’ असं उत्तर आलं तर तिकीट घेऊ नका.